वारा फिरण्याआधी: उजनीवर शिकून कोकणात शीड उभारणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात शिडाची होडी शिकायला पुरेल एवढं मोकळं पाणी एकच, उजनीचा यशवंतसागर जलाशय. समुद्र इथून मिरज-कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला, तीनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे आपल्याकडचा नवखा बहुधा सरावाला उजनीवर जातो आणि सुट्टीत कोकणात शीड उभारतो. दोन्हीकडे वारा अचानक बदलतो. कारणं वेगळी असतात, पण हाताने करायचं काम बरंचसं एकच असतं. म्हणून हा लेख दोन्ही पाण्यांसाठी आहे.

उजनीला धरणाचं पाणी समजून हलकं घेऊ नका. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती शिडाची नव्हती, पण वारा तोच होता: मे महिन्यातला वळवाचा. हा वारा येण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात. नवख्याला त्या ओळखता येत नाहीत, आणि ओळखल्या तरी तो दहा मिनिटं उशिरा हलतो. या दहा मिनिटांत काय करायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

कोणत्या महिन्यात पाण्यावर जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उजनीवर शिकण्याचा काळ. जलाशय भरलेला असतो, सकाळचा वारा मंद असतो, आभाळ स्वच्छ असतं. मार्चपासून ऊन तापलं की दुपारी वारा झोतांनी वाहू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोननंतर नवख्याने पाण्यावर असूच नये. सकाळी सहाला उतरा, दहाला होडी काठावर घ्या.

उन्हाळ्यात आणखी एक संकट वाढतं. पाणी खाली जातं आणि बुडालेली झाडं, जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे काठ पृष्ठभागाजवळ येतात. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाणी ओसरलं की उघडं पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. तशीच न दिसणारी बांधकामं पाण्याखाली हातभर खोलीवर असतात आणि होडीचा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात सोडलेली उभी फळी, तिथे अडकतो. त्याच क्षणी झोत आला तर होडी जागीच आडवी होते. कुठे काय आहे ते त्या काठावरच्या मच्छीमारांना विचारा. जाळ्यांच्या जागाही तेच सांगतील.

जून ते सप्टेंबर उजनीवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो आणि तो लांबलचक पाण्यावरून धरणाच्या भिंतीकडे ढकलतो. त्या दिवसांत शिकाऊ होडी नको. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांकडे तर कोणत्याच महिन्यात जायचं नाही. जलाशयात होडी उतरवण्याआधी धरण प्रशासनाची परवानगी घ्या. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. ज्या पाण्यात अनुभवी तांडेल, म्हणजे नावेचे म्होरके, नाव घालत नाहीत तिथे आपण घालायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

निघण्याआधी

आदल्या रात्री आणि सकाळी, असं दोनदा भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा बघा. पुढच्या तीन तासांचा अंदाजही ते देतात, तो निघण्याच्या क्षणी बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. कोकणात याला आणखी दोन गोष्टी जोडा: मच्छीमारांसाठीचा इशारा, आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा व वाऱ्याचा अंदाज. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर बेत रद्द.

आकडे कसे वाचायचे ते पाहू. शिडाच्या जगात वारा नॉटमध्ये मोजतात, आपल्याकडचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये येतात. १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी. नवख्याने ८ ते १० नॉटपर्यंत शिकावं, १२ नॉटला थांबावं. यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण इथेच माणसं फसतात: शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा २० झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ‘ताशी ४० ते ५० किमी वेगाने वादळी वारे’ असा इशारा म्हणजे २२ ते २७ नॉट. तेव्हा १० नॉटला पूर्ण उभारलेलं शीड तुमच्या दोन हातांना आवरणार नाही.

होडी तपासताना पुढच्या गोष्टी एकही न वगळता बघा. हवेच्या टाक्यांची आणि तळाची बुचं घट्ट आहेत. पाणी उपसायचं भांडं आणि वल्हं दोरीने होडीला बांधलेलं आहे, कारण उलटल्यावर न बांधलेली वस्तू गेलीच समजा. सुकाणू वर उचलून येणार नाही असं अडकवलेलं आहे. मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाला आवळणारी-सोडणारी दोरी, कप्प्यांतून सरसर धावते. नांगर असेल तर दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट लांब, वाऱ्यात सातपट. अंगावर लाइफजॅकेट, मांड्यांमधला पट्टा लावलेलं, त्याला शिट्टी बांधलेली. उजनीवर सोबत दुसरी होडी असेल आणि पोहता येत असेल तर ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) चालेल, समुद्रावर किमान १०० न्यूटनचं घ्या. खिशात बोथट टोकाची सुरी, मोबाईल जलरोधक पिशवीत गळ्यात, माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएस. सोलापूरच्या उन्हात डोकं आधी थकतं, हात नंतर, आणि थकलेलं डोकं ‘अजून एक फेरी मारू’ असंच म्हणतं.

काठावर एका माणसाला परतण्याची वेळ सांगून ठेवा. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुमचा फोन आला नाही तर त्याने कोणाला कळवायचं, हेही आधीच ठरवा.

पोहण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले असतात आणि उत्तम पोहतात. पण विहिरीत दहा हात मारले की दगडी काठ येतो, पाणी स्थिर असतं. मोकळ्या पाण्यात लाट तोंडावर येते, काठ दिसतो त्यापेक्षा दुप्पट लांब असतो आणि अंगावर कपडे असतात. पट्टीचा पोहणारा असलात तरी लाइफजॅकेट घालायचंच.

शीड लहान करणं काठावरच

रीफ घेणं, म्हणजे शिडाचा खालचा भाग दुमडून क्षेत्रफळ कमी करणं, हे नवख्याने जमिनीवर इतकं घोटावं की डोळे मिटून जमेल. रीफ घ्यावी का असा नुसता विचार मनात आला तरी घ्या. लहान शीड मोठं करायला दोन मिनिटं लागतात आणि ते शांतपणे होतं. मोठं शीड वादळात लहान करणं वेगळंच काम आहे.

दोन शिडांच्या होडीत क्रम असा:

१. मेनशीट सोडा, शीड फडफडू द्या. बूम (शिडाखालची आडवी काठी) खाली ओढून धरणारी दोरी, म्हणजे व्हँग, सैल करा.
२. शीड वर चढवणारी दोरी हळूहळू सोडा. शिडाच्या पुढच्या कडेवरचं रीफचं कडं बूम आणि डोलकाठीच्या सांध्यापर्यंत आलं की ते आकड्यात अडकवा.
३. तीच दोरी पुन्हा ताठ ओढून बांधा.
४. मागच्या कडेवरच्या रीफच्या कड्यातली दोरी ओढा. ते कडं खाली बूमला टेकलं पाहिजे आणि मागेही ताणलं गेलं पाहिजे. इथे ढिलाई झाली तर शिडाला पोट सुटतं आणि लहान शीडही मोठ्याइतकंच होडी कलंडवतं.
५. मधल्या बारीक दोऱ्यांनी दुमडलेलं कापड हलकंच बांधा. त्यांच्यावर ताण आला तर शीड फाटतं.
६. व्हँग आवळा, मग मेनशीट.

एकट्याच्या लेझर प्रकारच्या होडीला वेगळी रीफ नसते. तिथे बूम जोडण्याआधी डोलकाठी फिरवून शिडाचे एक-दोन वेढे तिच्याभोवती घेतात. हे काठावरच करायचं.

आणि एक काळजी: डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. उजनीच्या काठाला शेतांवरून विजेच्या तारा गेलेल्या आहेत आणि पाणी उपसायच्या मोटारींच्या केबल पाण्यापर्यंत पसरलेल्या असतात. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा, होडी गाड्यावरून नेतानाही वर बघा. मोटारी-केबलींपासून लांब जागा निवडा.

वाऱ्याच्या खुणा

पाण्यावर काळपट, खडबडीत पट्टा तुमच्याकडे सरकताना दिसला की तो झोत आहे. दर मिनिटाला एकदा वाऱ्याच्या बाजूला बघायची सवय लावा. नवखा शिडाकडे बघत बसतो, त्यामुळे त्याला प्रत्येक झोत अचानक वाटतो. दुसरी गोष्ट: झोत म्हणजे वरच्या थरातला वेगवान वारा खाली उतरलेला असतो. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो आणि त्याची दिशाही थोडी बदलते, वरच्याचं तसं होत नाही. म्हणून आपल्या गोलार्धात झोत आला की वारा बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडा सरकतो, म्हणजे पश्चिमेचा असेल तर वायव्येकडून येतो.

हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर हे आपल्या जिल्ह्यातलं फुकटचं साधन आहे. धूर वरच्या वाऱ्याची दिशा दाखवतो, काठावरची धूळ आणि झेंडे खालच्याची. दोन्हींत फरक वाढू लागला की वारा अस्थिर होतो आहे असं समजा.

वळवाच्या ढगाची चिन्हं साधारण या क्रमाने येतात. सकाळपासून घुसमटणारा उकाडा. दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच वाढतात, मग माथा सपाट पसरतो. बुडाशी गडद करडा रंग. मग चालू वारा पडतो, आणि ही शांतताच सर्वांत धोकादायक. लगेच थंड झुळूक येते, काठावर धुळीचा लोट उठतो आणि वारा ढगाच्या बाजूने कोसळतो, कधी आधीच्या दिशेच्या अगदी उलट. ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर चौफेर पसरते, म्हणून असं होतं. ढग वरच्या वाऱ्यावर चालतो. तुमच्या अंगावरचा वारा पश्चिमेचा असला तरी ढग पूर्वेकडून येऊ शकतो. ‘वारा तर त्याला लांब ढकलतोय’ या समजुतीवर राहू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही टप्प्यात आहात, काठावर जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा उतरू नका.

झोत अंगावर आला की

मेनशीट कधीही हाताला गुंडाळायची नाही, आणि झोतांच्या वाऱ्यात क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवायची नाही. होड्या उलटण्यामागे हे कारण फार वेळा असतं: दोरी अडकलेली, माणूस ती सोडवायला आत झुकतो, वजन चुकीच्या बाजूला जातं आणि होडी उलटते.

होडी वाऱ्याच्या बाजूला वर चढत असताना झोत आला तर आधी मेनशीट हातभर सोडा, त्याचबरोबर अंग बाहेर झोकून द्या, मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, किंचित वाऱ्याकडे वळवा. होडी सपाट झाली की दोरी परत ओढा. झोत संपताना वारा एकदम पडतो, तेव्हा बाहेर झुकलेले तुम्हीच होडी वाऱ्याच्या बाजूला उलटवू शकता. अंग आत घेण्याची तयारी ठेवा.

वारा पाठीमागून असताना मात्र हाच उपाय घात करतो. समजा वारा १६ नॉट आहे आणि होडी त्याच दिशेने ६ नॉटने चालली आहे. अंगावर फक्त १० नॉट जाणवतात, म्हणून सगळं छान वाटतं. अशा वेळी घाबरून नाळ वाऱ्याकडे फिरवली तर शिडाला १६ हून जास्त वारा एकदम आडवा लागतो आणि होडी कलंडते. पाठीमागून झोत आला तर दिशा स्थिर ठेवा, वजन मागे घ्या, व्हँग लावलेली ठेवा आणि शीड बूमसकट आपोआप दुसऱ्या बाजूला फिरणार नाही एवढं नाळेचं तोंड सांभाळा. अशी अवचित फिरलेली बूम डोक्यात बसली तर माणूस बेशुद्ध होऊन पाण्यात पडतो. वारा वाढला असेल तर बाजू बदलण्यासाठी जाइब (होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं) न करता वाऱ्याकडून पूर्ण वळसा घेऊन टॅक करा, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवा. थोडा वेळ जातो, जोखीम बरीच कमी होते.

वाऱ्याची दिशाच बदलली तर शीड सांगतं. पुढची कड फडफडू लागली म्हणजे वारा पुढे सरकला: नाळ वाऱ्यापासून थोडी दूर वळवा किंवा टॅक करा. होडी जड होऊन जास्त कलू लागली आणि वेग वाढला नाही तर वारा मागे सरकला आहे: मेनशीट सोडा.

ढग येतोच आहे आणि काठ लांब आहे

काठ पाच मिनिटांत गाठता येत असेल तर गाठा. कोणता काठ, हे ढग कुठल्या बाजूला आहे ते बघून ठरवा. वारा ज्या काठावरून पाण्याकडे येणार, तिथे पाणी सपाट राहतं. ज्या काठावर वारा आदळणार तिथे लाटा फुटतात आणि होडी दगडांवर जाते. उन्हाळ्यात उजनीच्या काठाला गुडघाभर चिकट गाळ असतो, उडी मारून उतरू नका, आधी वल्ह्याने तळ चाचपा.

पाच मिनिटांत जमणार नसेल तर शर्यत लावू नका. पुढचं ताबडतोब करा:

१. सगळ्यांची लाइफजॅकेट पुन्हा घट्ट.
२. नाळ वाऱ्याला समोर, शीड पूर्ण खाली, बूमला गुंडाळून बांधलेलं. अर्धवट सोडलेलं शीड वाऱ्यात फुगतं आणि पुन्हा होडीला ओढत नेतं.
३. पाणी उथळ असेल तर नाळेवरून नांगर. मागच्या बाजूने नांगर टाकलात तर लाटा सरळ आत येतात.
४. सेंटरबोर्ड अर्धा वर.
५. तळाशी मधोमध बसा, डोलकाठी आणि धातूच्या तारांपासून जमेल तेवढं दूर.

वळवाचा पहिला जोर बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. तेवढा वेळ होडीला तरंगू द्या.

होडी उलटली तर

होडी सोडायची नाही. बुडणारे बरेचदा काठ जवळ वाटला म्हणून होडी सोडून पोहायला निघालेले असतात. उलटी होडीही तरंगते, ती लांबून दिसते, माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही.

आधी एकमेकांना हाक मारून मोजणी. शिडाखाली अडकला असाल तर तळहाताने कापड वर ढकला, हवेची पोकळी होते. मग कापडाची शिवण एकाच दिशेने धरत बाहेर या. पायाला दोरी गुंतली तर सुरी आहेच. त्यानंतर मेनशीट आणि व्हँग मोकळी करा. हे विसरलात तर उभी राहताक्षणी शिडात वारा भरतो आणि होडी पुन्हा उलटते. नाळ वाऱ्याकडे येईल अशी होडी फिरवा. जड माणसाने सेंटरबोर्डवर बुडाशी उभं राहून होडीचा काठ धरावा आणि मागे झुकावं. टोकाशी उभं राहिलं तर बोर्ड तुटतो. हलक्या माणसाने आतल्या बाजूला बाकाला धरून तरंगत राहावं, होडी उभी होताना तो आपोआप आत उचलला जातो आणि पहिल्यालाही ओढून घेतो. मग पाणी उपसा. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा, होडीवर पसरून बसा, शिट्टी वाजवा.

हा सराव शांत दिवशी, दुसरी होडी जवळ ठेवून, मुद्दाम उलटवून करा. हे जमल्याशिवाय कोकणात शीड उभारू नका.

कोकणात काय वेगळं

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, मतलई. दहा-बाराच्या सुमारास तो पडतो, मग पश्चिम-वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन-चारच्या दरम्यान जोरात असतो. सकाळी हा मतलई वारा नवख्याला अलगद बाहेर नेतो. किनाऱ्यालगत पाणी सपाट असतं, मजा वाटते, आणि परत वळल्यावर कळतं की सगळं अंतर वाऱ्याविरुद्ध चढायचं आहे. म्हणून जमिनीकडून वारा असताना किनाऱ्याला समांतर फिरा, आणि खारा वारा जोर धरण्याआधी पूर्ण शीड घेऊन लांब असू नका.

भूशिराच्या टोकाला वारा दाबला जातो आणि वाढतो. उंच कड्याच्या आडोशाला तो जवळजवळ बंद असतो आणि कड्याची सावली संपली की एकदम अंगावर येतो. टोक ओलांडण्याआधीच मेनशीट हातात, वजन होडीच्या काठावर.

खाडीचं तोंड ही नवख्याची सर्वांत अवघड जागा. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना खारा वारा आत येत असेल तर त्या दोघांच्या झुंजीत लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात, त्यात वाळूचा दांडा असेल तर आणखी. खाडीत भरतीच्या पाण्याबरोबर शिरा. भरतीच्या वेळेसाठी जुना ठोकताळा तिथीच्या पाऊणपटीचा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दोन्ही पक्षांत तसंच. तो ढोबळ आहे, त्या बंदराच्या छापील वेळापत्रकाशी ताडून बघा.

मदत लागली तर समुद्रावर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. उजनीवर ११२. फोन लागेल तेव्हा बॅटरी थोडी असेल असं धरून याच क्रमाने बोला: तुम्ही कुठे आहात (मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, आणि जवळचं गाव किंवा दीपगृह), किती माणसं आहेत, होडी तरंगते आहे की उलटली आहे, कोणी जखमी आहे का, होडीचा आणि शिडाचा रंग कोणता. मग फोन बंद न करता पिशवीत ठेवा आणि परत येणाऱ्या फोनची वाट बघा.